पशुसंशोधन केंद्रांचे आपत्ती नियोजन : सांभरच्या अळ्यांनी शिकविलेला धडा

जयपूरच्या नैर्ऋत्येस सुमारे ८० किलोमीटरवर सांभर सरोवर आहे. भूवेष्टित खाऱ्या सरोवरांमध्ये ते देशातील सर्वांत मोठे असून १९९० पासून रामसर स्थळांच्या यादीत समाविष्ट आहे. २०१९ चा पावसाळा चांगला झाला, बऱ्याच वर्षांनी सरोवरात भरपूर पाणी आले आणि हिवाळ्याच्या प्रारंभी स्थलांतरित पक्ष्यांचे थवेही मोठ्या संख्येने उतरले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काठावर मृत पक्षी आढळू लागले. प्रथम संशय बर्ड फ्लूचा होता. भोपाळच्या प्रयोगशाळेने तो नाकारला. पुढे बरेलीजवळील इज्जतनगर येथील भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेने पक्ष्यांमधील बॉट्युलिझम, म्हणजेच क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूच्या विषामुळे होणारा पक्षाघात, असे निदान केले. तोपर्यंत उचललेल्या मृत पक्ष्यांची संख्या अठरा हजारांच्या पुढे गेली होती.

या घटनेची चर्चा पक्षिमित्रांनी पुष्कळ केली. कीटकशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र तीत आणखी एक गोष्ट दिसते. मृत पक्ष्याच्या शरीरात हवा नसते आणि प्रथिने भरपूर असतात; बॉट्युलिनमच्या वाढीस हे वातावरण फार मानवते. त्या शरीरावर माशा अंडी घालतात. अंड्यांतून निघालेल्या अळ्या विषारी मांस खातात, पण त्या विषाचा अळ्यांवर परिणाम होत नाही. ते त्यांच्या शरीरात साठत राहते. निरोगी पक्षी या अळ्या टिपतो. अशा थोड्याच अळ्या त्याला पुरतात. त्याचे पंख व पाय लुळे पडतात, मान उचलत नाही आणि तो पाण्यातच बुडून मरतो. त्याच्यावर पुन्हा माशा बसतात. याला शव-अळी चक्र म्हणतात. पहिल्या पक्ष्यांच्या मृत्यूचे मूळ कारण पाण्यात वा चिखलात असू शकेल. त्यानंतरच्या पुष्कळ मृत्यूंचे कारण मात्र आधीचे मृत पक्षी वेळेत न उचलणे हे असते.

वन्यपक्ष्यांचे सरोवर आणि पशुसंशोधन केंद्र यांचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. गेल्या काही वर्षांत प्रशिक्षण व तपासणीच्या निमित्ताने अनेक केंद्रांचे आपत्ती आराखडे माझ्या वाचनात आले. पूर, आग, भूकंप, वीजखंडन, साथ अशी आपत्तींची यादी प्रत्येकात होती. परंतु आपत्ती ओसरल्यावर मृत जनावरांचे काय करायचे, किती तासांत करायचे, कोणी करायचे, याबद्दल बहुतेकांत एखादेच वाक्य होते: ‘योग्य विल्हेवाट लावावी’. सांभरच्या काठावर जे घडले ते कोणत्याही कुक्कुट शेडच्या मागे लहान प्रमाणावर घडू शकते.

जोखीम मोजताना

जोखीम मूल्यांकनाची प्रचलित रीत सोपी आहे. आपत्ती घडण्याची शक्यता १ ते ५ या श्रेणीत मांडावी, तिचा परिणामही १ ते ५ मध्ये मांडावा आणि दोहोंचा गुणाकार करावा. ज्याचा गुणाकार मोठा, त्याची तयारी आधी. ही रीत चुकीची नाही, पण संपूर्ण केंद्राला एकच आकडा देण्याची जी सवय आपल्याला लागली आहे ती चुकीची आहे.

उदाहरणादाखल एक मध्यम आकाराचे केंद्र घेऊ. ६० शेळ्या, ४०० कोंबड्या आणि कोर्सिरा व ट्रायकोग्रामा संवर्धनाची एक लहान कीटक प्रयोगशाळा. मे महिन्यात वीज सहा तास खंडित होण्याची शक्यता ५ मानू. शेळ्यांच्या बाबतीत परिणाम १. टाकी भरलेली असेल आणि सावली असेल, तर शेळीला विजेचे सोयरसुतक नाही. बंदिस्त शेडमध्ये पंख्यांच्या झोतावर जगणाऱ्या कोंबड्यांसाठी तोच परिणाम ५ आहे. कोर्सिराच्या पेट्यांसाठी तो ४ धरावा लागेल, कारण २६ ते २८ अंश तापमानाला सरावलेले पतंग चाळिशीच्या पाऱ्यात अंडी देणे थांबवतात. म्हणजे एकच आपत्ती तीन दालनांत तीन वेगळ्या आकड्यांची ठरते. सरासरी काढून ‘मध्यम जोखीम’ असा शेरा मारला, की कोंबड्या मेल्याच म्हणून समजा.

या दोन स्तंभांना आणखी दोन स्तंभ जोडावेत असे माझे मत आहे. एक, किती वेळ हाताशी आहे. दुसरा, गेलेले परत मिळते का.

दुसऱ्या स्तंभाचे महत्त्व जयपूरच्याच एका प्रसंगाने स्पष्ट होते. या शहरात वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या सोलापूर किंवा अहिल्यानगरची आठवण व्हावी असे हे पर्जन्यमान. येथे पुराचा विचार कोण करणार? तरीही जुलै १९८१ मध्ये शहराने महापूर पाहिला आणि १४ ऑगस्ट २०२० रोजी अतिवृष्टीचे पाणी अल्बर्ट हॉल संग्रहालयाच्या तळघरात शिरले. तेथे ठेवलेली सुमारे २,३०० वर्षांपूर्वीची इजिप्तची ममी कर्मचाऱ्यांनी काचेची पेटी फोडून बाहेर काढली व वर हलविली. फायली, कागदपत्रे मोठ्या प्रमाणावर भिजली. पण पहिला हात कोणत्या वस्तूला लावायचा, हे त्या क्षणी कर्मचाऱ्यांना ठाऊक होते.

आपल्या केंद्रातील ‘ममी’ कोणती, हा प्रश्न प्रत्येक केंद्रप्रमुखाने स्वतःला विचारावा. वरच्या उदाहरणातील ट्रायकोग्रामा बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडून पुन्हा मिळू शकतो. पिल्ले अंडी-उबवणी केंद्रातून विकत घेता येतात. परंतु आठ-दहा वर्षांच्या वंशावळीच्या नोंदी असलेला कळप कोणत्याही बाजारात मिळत नाही. जयपूरपासून जवळच, टोंक जिल्ह्यातील मालपुऱ्याजवळ, अविकानगर येथे १९६२ पासून केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था कार्यरत आहे. गारोळ, मालपुरा आणि पाटणवाडी या तीन जातींच्या संकरातून जुळी-तिळी देणारी ‘अविशान’ मेंढी तेथे तयार झाली. आपल्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोळ मेंढीतील बहुप्रसवतेचे जनुक दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ घडविली. अशा कामात मेंढ्यांच्या कित्येक पिढ्या आणि माणसाची उमेदीची वर्षे खर्ची पडतात. असा कळप एकाच आवारात, एकाच छपराखाली, एकाच विहिरीच्या पाण्यावर ठेवणे हीच मुळात मोठी जोखीम आहे. काही निवडक नर-माद्या दुसऱ्या ठिकाणी, शक्य तर दुसऱ्या जिल्ह्यात, ठेवाव्यात. रेतमात्रा द्रवनत्राच्या दोन वेगळ्या पात्रांत, दोन वेगळ्या इमारतींत साठवाव्यात. विश्वासू प्रगतिशील शेतकऱ्याच्या कळपात अशी जनावरे ठेवण्याची व्यवस्था लेखी करार करून सहज शक्य आहे. शेतकऱ्याला जातिवंत पैदास मिळते आणि केंद्राला विमा.

याच स्तंभात नोंदवह्या येतात. कानातील बिल्ला आणि नोंदवही यांची जोडी तुटली, की दहा वर्षांच्या संशोधनातील शेळी ही नुसती शेळी उरते. तरीही बहुतेक ठिकाणी नोंदवह्या कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात असतात. कारण त्या जड असतात!

तळघराविषयीही येथेच बोलणे बरे. जून २००१ मध्ये ‘अ‍ॅलिसन’ या उष्णकटिबंधीय वादळाच्या पावसाने अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या वैद्यकीय संकुलात पाणी भरले. तेथील संशोधनाची जनावरे तळघरांत होती. बेलर वैद्यकीय महाविद्यालयाचे तीस हजारांहून अधिक उंदीर बुडाले; टेक्सास विद्यापीठाच्या केंद्रातही माकडे, कुत्रे, ससे यांसह हजारो प्राणी गेले. पैशांची वा तंत्रज्ञानाची वाण तेथे नव्हती. जागा चुकली होती. आपल्याकडे तळघरे क्वचित असतात, पण ‘पडीक व स्वस्त’ म्हणून ओढ्याकाठची सखल जागा पशुविभागाला देण्याची प्रथा मात्र जुनी आहे.

हाताशी किती वेळ?

आता वेळेचा स्तंभ. बंदिस्त शेडमधील मांसल कोंबड्या भर उन्हाळ्यात पंखे थांबल्यावर तासाभरात मरू लागतात. वातानुकूलित पेट्यांतील उंदीर त्याहून थोडा अधिक काळ तग धरतात. शेळ्या-मेंढ्यांना चारा एक दिवस नसला तरी चालते, पाणी नसून चालत नाही. म्हणून आराखड्यात ‘त्वरित’, ‘शक्य तितक्या लवकर’ हे शब्द न लिहिता प्रत्येक दालनासमोर तासांचा आकडा लिहावा. त्या आकड्याच्या आत माणूस पोहोचणार कसा, हे ओघानेच ठरवावे लागते.

काही वर्षांपूर्वी मी एका प्रयोगशाळेत ब्रॅकॉन या परोपजीवी कीटकाचे संवर्धन सांभाळत होतो. प्रयोगशाळेचे नाव येथे महत्त्वाचे नाही. मे महिन्यातील रविवारी दुपारी वीज गेली. जनित्र होते. त्याच्या तपासणीच्या वहीत दर महिन्याची स्वाक्षरीही होती. टाकीत डिझेल तेवढे नव्हते. पहारेकऱ्याने भिंतीवरील यादीतला पहिला क्रमांक लावला; ते गृहस्थ दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले होते. मला सायंकाळी साडेसातला कळले. तोवर शेतातून गोळा करून अनेक पिढ्या वाढविलेले ते संवर्धन संपले होते. पुन्हा नमुने मिळण्यासाठी पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागले आणि एका विद्यार्थिनीचे वर्ष गेले. तेव्हापासून कुठल्याही केंद्रात गेलो, की मी आधी जनित्राच्या टाकीचे झाकण उघडून पाहतो. यजमानांना ते आवडत नाही.

पाण्याचा हिशेब कागदावर पाच मिनिटांत होतो, तरी तो क्वचितच केलेला आढळतो. उन्हाळ्यात शेळीला दिवसाला ८ लिटर धरले, तर ६० शेळ्यांना ४८० लिटर. कोंबडीला ४०० मिलिलिटर धरले, तर ४०० कोंबड्यांना १६० लिटर. दिवसाला ६४० म्हणजे तीन दिवसांना १,९२० लिटर, तेही फक्त पिण्यासाठी. दोन हजार लिटरची एक टाकी उंचावर, विजेविना उताराने पाणी देईल अशी, कायम भरलेली हवी. तीन दिवसच का? मोठ्या आपत्तीत बाहेरची मदत प्रथम माणसांकडे जाते आणि ते योग्यच आहे. पहिले तीन दिवस केंद्राने स्वतःच्या बळावर काढायचे, असे गृहीत धरावे.

मनुष्यबळाबाबत मार्च २०२० च्या टाळेबंदीने सर्वांनाच धडा दिला. जनावरे होती, चारा होता, पण कामगार रस्त्यावर अडविले जात होते. पशुपालन व संवर्धन करणाऱ्या कर्मचाऱ्यांची यादी, ओळखपत्रे आणि वाहन क्रमांक जिल्हा प्रशासनाकडे आधीच दिलेले असावेत. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. केंद्राच्या आराखड्याची प्रत त्या कार्यालयात असणे उपयोगाचे ठरते.

कुंपणापलीकडचा धोका

२९ ऑक्टोबर २००९ च्या सायंकाळी जयपूरच्या सीतापुरा भागातील इंधन साठ्याला आग लागली व ती आठवड्याहून अधिक काळ धुमसत राहिली. परिसरातील वस्ती हलवावी लागली. अशा वेळी आपल्या आवारात काहीही चूक झालेली नसते, तरी दार बंद करून निघून जावे लागते. म्हणून केंद्राभोवतीच्या पाच किलोमीटरचा नकाशा काढून त्यावर इंधनपंप, रासायनिक कारखाने, धरणाचा कालवा, मोठी कुक्कुटपालन केंद्रे आणि आठवडी बाजार दाखवावेत.

फवारणी हा असाच एक शेजारधर्माचा विषय. मे २०२० मध्ये वाळवंटी टोळांचे थवे जयपूर शहरावरून उडाले. त्याच महिन्यात ते विदर्भात अमरावती, नागपूरपर्यंत पोहोचले. टोळनियंत्रणासाठी फवारणी अपरिहार्य असते. पण फवारलेला हिरवा चारा जनावरांपुढे जाता कामा नये आणि औषधाचा उडता फवारा मधमाश्यांच्या पेट्या, रेशीम कीटकांचा तुती पाला वा परोपजीवी कीटकांचे दालन यांवर येता कामा नये. कीटकशास्त्रज्ञाला एरवी मारायचे कीटक आणि सांभाळायचे कीटक एकाच आवारात असतात, ही आमची जुनी अडचण आहे. फवारणीपूर्वी सूचना कोण देईल, हे गाव पातळीवरील कृषी सहायकाशी बोलून ठेवावे.

माशीचे वेळापत्रक

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे. उष्ण हवामानात मेलेल्या जनावरावर निळसर-हिरवी माशी काही तासांतच अंडी घालते. एका वेळी दोनशेच्या आसपास. सुमारे २८ ते ३० अंश तापमानात ती एका दिवसाच्या आत उबतात. अळ्या चार-पाच दिवस मांस खातात, नंतर शव सोडून आजूबाजूच्या मातीत शिरतात व कोषात जातात. दहाव्या दिवसाच्या सुमारास नवी माशी उडते. थंडीत हे सर्व लांबते.

यातून दोन मुदती निघतात. पहिली २४ तासांची: या अवधीत शव पुरले वा जाळले तर अळ्या बाहेर पडण्याचा प्रश्नच येत नाही. दुसरी चौथ्या दिवसाची: त्यानंतर अळ्या मातीत गेलेल्या असतात, आणि शव उचलले तरी माशा निघणारच. चौथ्या दिवसानंतर केवळ जनावर उचलून भागत नाही, त्याखालची व भोवतालची मातीही खरवडून पुरावी लागते. हे बारकावे आराखड्यात नसतात, म्हणून स्वच्छता झाल्यावरही आठवड्याने माशांचे थवे उठतात आणि मग अंदाधुंद फवारणी सुरू होते.

खड्डा आपत्तीनंतर खणायचा नसतो. निदान त्याची जागा तरी आधी ठरलेली हवी. विहीर, कूपनलिका व ओढा यांपासून दूर, पुराच्या पाण्याच्या रेषेच्या वर, यंत्र पोहोचू शकेल अशी. बर्ड फ्लूच्या शासकीय कृती आराखड्यातील ठोकताळा असा, की २ मीटर लांब, २ मीटर रुंद व २ मीटर खोल खड्ड्यात सुमारे १,८०० पक्षी मावतात. त्यावरून आपल्या केंद्राचा खड्डा काढता येतो. २००६ मध्ये नवापूरला देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक झाला, तेव्हा इतक्या मोठ्या प्रमाणावर पक्षी पुरण्याचा अनुभव कोणालाच नव्हता. आज तो आहे. चुना, जाड प्लास्टिक, हातमोजे यांचा साठा आणि जेसीबी चालकाचा दूरध्वनी क्रमांक यांची तरतूद ठेवावी. शवांवर माती इतकी हवी, की कुत्र्यांना उकरता येऊ नये. फाशीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, संशय असलेले जनावर शवविच्छेदनासाठी उघडू नये, हे सांगण्याची गरज नसावी. पण सांगितलेले बरे.

उघड्यावर टाकलेल्या हाडांचे दुष्परिणाम पश्चिम राजस्थानातील पशुपालक जाणतात. जैसलमेर भागात स्फुरदाच्या कमतरतेमुळे गायी मेलेल्या जनावरांची हाडे चघळतात आणि लुळ्या पडून मरतात. तेथे या रोगाला ‘कर्रा’ म्हणतात. कारण तेच, बॉट्युलिनमचे विष. सांभरच्या पक्ष्याला ते अळीतून मिळाले, येथे गायीला हाडातून.

येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाने राजस्थानात व नंतर महाराष्ट्रात थैमान घातले, तेव्हा शवावर घोंघावणाऱ्या माशांनाच रोगप्रसारक समजून फवारण्या झाल्या. लम्पीचा प्रसार प्रामुख्याने रक्त शोषणारे कीटक करतात: डास, गोचीड आणि गोठ्यातील चावरी माशी. ही चावरी माशी शवावर वाढत नाही. शेण-मूत्र मिसळलेला, कुजणारा ओला चारा ही तिची पैदास करण्याची जागा. पूर ओसरल्यावर भिजलेला कडबा ‘वाळला की वापरू’ म्हणून गोठ्याशेजारी रचून ठेवतात. दोन-तीन आठवड्यांनी जनावरे पाय आपटू लागतात ती त्यामुळे. भिजलेला चारा दूर नेऊन पातळ पसरावा किंवा खड्ड्यात झाकून कुजवावा.

निर्णय कोणाचा?

सर्वांत अवघड भाग हा आहे. सर्वच जनावरे हलविता येत नाहीत आणि काही इतकी जखमी असतात, की त्यांना दयामरण देणे हाच एक उपाय उरतो. हा निर्णय पाण्यात उभ्या असलेल्या कामगारावर सोडणे अन्यायाचे आहे. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० व त्याखालील १९९८ च्या नियमांनुसार प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या संस्थेत प्राणी नीतिविषयक समिती असते. कोणत्या स्थितीत, कोणत्या पशुवैद्यकाने, कोणत्या पद्धतीने दयामरण द्यावे, हे त्या समितीकडून आधीच संमत करून घ्यावे. पशुवैद्यक पोहोचू न शकल्यास पर्यायी व्यक्ती कोण, तेही नावानिशी लिहावे. तसेच हलविण्याचा क्रम दालनाच्या दारावर रंगाने दाखवावा: लाल पट्टी असलेले कप्पे प्रथम. अंधारात, घाईत कागद कोणी वाचत नाही. आणि दार उघडून जनावरे मोकळी सोडणे हाही एक पर्याय आहे, हे विसरू नये; शेळ्या-मेंढ्या उंचवटा स्वतः शोधतात. मात्र संसर्ग प्रयोगातील जनावरे कोणत्याही स्थितीत सोडता येत नाहीत.

विस्तार कार्यकर्त्यांना एक सूचना. पुढील भेटीत शेतकऱ्याला आराखडा लिहावयास सांगू नये. दुपारी त्याच्या संमतीने मुख्य स्विच बंद करावा, घड्याळ लावावे आणि शांत उभे राहावे. जनित्र किती मिनिटांत सुरू होते, किल्ली कोणाकडे असते, टाकीचे पाणी उताराने नांदीपर्यंत पोहोचते का, हे पाहून वहीत टिपावे. मग शेडच्या मागे जाऊन विचारावे, ‘आज रात्री वीस कोंबड्या मेल्या, तर उद्या सकाळी कुठे पुराल?’ बोट ज्या दिशेला जाईल, तिकडे आपण चालत जावे आणि जवळची विहीर किती पावलांवर आहे, ते मोजावे.